अच्युतचं पान

नाचणगाव,
२० जुलै १९७८

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर नाव लिहितानी आजबी माहा हात अडखळला. तेवीस वर्सं झाले, मेलेल्या भावाचं नाव लिहून जित्या भावाले पत्र टाकून राह्यली मी. आमचा पोस्टमन चंद्रभान म्हनते, "कोकिळाबाई, तुमचं अक्षर बाकी सरळ, पन 'कृष्णकांत' आलं का वाकडं होते." त्याले काय सांगू, कप्पाळ?

माय मोरीत घसरून पडली. कंबरेले मार लागला. पुलगावचा डॉक्टर येऊन पाहून गेला, म्हने हाड शाबूत हाय पन वय झालं, बसवून ठेवा. बसून कोन राह्यते? ती खाटेवरून मले कामं सांगते, अन् उरलेल्या वेळात रडते. मी विचारलं, दुखते काय? म्हने, कंबर नाई दुखत. मंग म्हने, कागद-पेन घे, मी सांगतो तसं लिहिजो, आपल्या मनचं नको घालू. तुले सारं माहीत हाय, तरी तिनं सांगितलं म्हनून लिहितो.

"अच्युत, तुहा मोठा भाऊ कृष्णा मॅट्रिकचा पेपर देऊन आला अन् निकालाच्या आधी मोतीझिऱ्याच्या तापानं गेला. तो गेल्यावर एकवीस दिवसांनी पास झाल्याचा कागद आला. तुह्या बापानं तो कागद मांडीवर घेतला अन् म्हटलं, कागद जिता हाय त पोरगा जिता हाय. तू नववीत नापास होऊन बसला होता. तुले कृष्णाच्या नावानं नॉर्मल स्कूलले घातलं, मास्तर केलं. कोनी वळखू नये म्हनून आर्वीकडचं गाव सोडलं, जावयाच्या गावी येऊन राह्यलो. मी हो म्हटलं. माहं पाप हाय ते. पन जित्या मान्साचं पान वाढत नाईत, म्हनून तेवीस पितरपाख माहा कृष्णा उपाशी हाय. पंचमी कुवाऱ्यांची असते. मी दरसाल चोरून एक घास छपराच्या कवेलूवर टाकतो, नाव नाई घेत. बिननावाचा घास कावळाबी नाई शिवत. तुहा बाप आता राह्यला नाई. मीबी राह्यत नाई. यंदा पंचमीले ये, तुह्या हातानं त्याचं पान वाढ, अन् मोठ्यानं नाव घे."

हे झालं मायचं. माहं येवढंच, का पंचमी २१ सप्टेंबरले हाय. येजो.

तुही ताई,
कोकिळा


हिंगणघाट,
१ ऑगस्ट १९७८

ती. स्व. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळाले. आईच्या पडण्याची बातमी वाचून वाईट वाटले. सोबत दुखण्यावरचे मलम पाठवत आहे, दिवसातून दोनदा हलक्या हाताने लाव.

ताई, एक विनंती आहे. असल्या गोष्टी पत्रात लिहीत जाऊ नकोस. पाकीट सरोजिनीच्या हाती पडले असते तर? ती माझी पत्रे फोडत नाही हे खरे, पण एखादे वेळी फोडली तर मी काय उत्तर देणार होतो? पद्मा आता सातवीत आहे, तीही हाताला लागेल ते वाचते.

आईची इच्छा मी समजतो. पण तूच विचार कर. नाचणगावात मला सगळे कृष्णकांत मास्तर म्हणून ओळखतात. मी अंगणात उभा राहून कृष्णकांताच्या नावाने पान वाढले, तर पलीकडचे डोमाजी विचारणार नाहीत का, की बुवा, हा कोणता कृष्णकांत? गोष्ट पुलगावला जाईल, पुलगावहून रेल्वेने हिंगणघाटला येईल. माझी नोकरी जाईल, शिवाय खटला होईल तो वेगळा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. रूपरावभाऊजींच्या हातून गुपचूप एक पान ठेवून घ्या. देवाला सगळे कळते.

आणखी एक. या वर्षी तालुक्यातर्फे शिक्षकदिनी माझा सत्कार ठरला आहे. गणिताचा निकाल सलग सहा वर्षे शंभर टक्के लागला म्हणून. आईला सांग, तिला बरे वाटेल.

तुझा भाऊ


नाचणगाव,
१० ऑगस्ट १९७८

चि. भाऊस आशीर्वाद.

सांगितलं मायले. म्हटलं, अवो माय, पोराचा सत्कार हाय. तिनं विचारलं, "कोन्या पोराचा?" तुले उत्तर देता येते काय?

अन् तू मले शिकवून राह्यला पत्रात काय लिहावं अन् काय नाई! मी चौथी शिकली, तू मास्तर, कबूल. पन तुह्या पत्राखाली तुहं नाव कुठं हाय? तेवीस वर्सांची पत्रं माह्या पेटीत हायत. काल सारी काढून पाह्यली. "तुझा भाऊ, तुझा भाऊ." कोनता भाऊ, बाप्पा? मले दोन होते.

आता ऐक. हे लिहू नये असं वाटत होतं, पन तुह्या सव्वा लाखाच्या मुठीनं मले राग आला. एकोनसत्तर साली माय एकटी हिंगणघाटले गेलती, आठवते? जवसाची चटनी, बोरं, अन् तुह्यासाठी रात्रंदिवस खपून शिवलेली वाकळ घेऊन. त्याच दिवशी सांजीले परत आली. आम्ही विचारलं, इतक्यात कशी आली वं? म्हने, पोरगा कामात होता, मलेच करमलं नाई. आम्ही ते खरं धरून बसलो. परवा माय तापात होती, तवा सारं बोलली.

ती शाळेच्या फाटकापाशी उभी राह्यली. तू मैदानात हेडमास्तराशी बोलत होता. ती आनंदानं वरडली, "अच्युत! ये अच्युत!" तू पाह्यलं. हेडमास्तरानं विचारलं, कोन हाय ही बाई? अन् तू म्हटलं, "गावाकडची आहे. आमच्या घरी कामाला असायची. डोकं जरा फिरलंय तिचं."

तिनं ऐकलं. शाळेच्या चपराशानं तिले पानी पाजलं अन् बसस्टँडचा रस्ता दाखवला. वाकळ तिनं बसमधेच एका लेकुरवाळीले देऊन टाकली. नऊ वर्सं ती हे पोटात घेऊन होती, अन् तुह्या बाजूनंच बोलत होती, का पोरगा कामात राह्यते म्हनून बोलावत नाई. मी त्या दिवशी भांडे आपटले. रूपराव म्हने, तुह्या भावाचा राग गंजावर कायले काढतं? मंग कोनावर काढू?

तूच सांग, हे खरं हाय काय? नाई म्हन. तू नाई म्हटलं त मी माय भ्रमिष्ट झाली असं समजतो.

कोकिळा


हिंगणघाट,
२१ ऑगस्ट १९७८

ताई,

राखी मिळाली. बांधली नाही, खिशात ठेवली आहे. बांधून घ्यायची हिंमत झाली नाही.

खरे आहे.

आई भ्रमिष्ट नाही. मी शब्द न् शब्द तसेच बोललो होतो. इतक्या सहज बोललो, की माझे मलाच आश्चर्य वाटले. हेडमास्तर हसले, मी पण हसलो. आई परत वळली तेव्हा तिच्या लुगड्याचा पदर फाटकाच्या खिळ्याला अडकला होता, तो तिने सावकाश सोडवला. मला धावत जाऊन सोडवता आला असता. मी पुढच्या तासाला वर्गात गेलो आणि अपूर्णांक शिकवले. त्या दिवसापासून एकही दिवस असा गेला नाही की ते फाटक दिसले नाही. रोज त्याच फाटकातून आत जावे लागते ना.

तू पेटी उघडलीस तशी मीही उघडतो. ऐक. कृष्णा गणितात हुशार होता म्हणून मी गणिताचा मास्तर झालो. मला गणित आवडत नाही, ताई. एकेक उदाहरण आदल्या दिवशी घोकतो, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुटते. माझा निकाल शंभर टक्के लागतो, कारण मुलांना कुठे अडते ते मला चांगले ठाऊक असते, तिथे मी स्वतः अडलेला असतो. कृष्णा कमी बोलायचा म्हणून मी कमी बोलतो. त्याला पुरणपोळी आवडत नसे, म्हणून मी लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला सरोजिनीला सांगितले की मला चालत नाही. बापूजींनी सांगून ठेवले होते, "कोनी कधी काई विचारलं त तू कृष्णा दिसला पाह्यजे." कोणी कधी काही विचारले नाही. मी मात्र तेवीस वर्षे उत्तर देत बसलो.

दर वर्षी चौदा जानेवारीला सरोजिनी मला ओवाळते. ती जन्मतारीख कृष्णाची. पद्मा "बाबा, आज तुम्ही किती वर्षांचे?" असे विचारते आणि मी दोन वर्षे वाढवून सांगतो. माझा स्वतःचा वाढदिवस पोळ्याच्या सुमारास यायचा एवढेच आठवते, तारीख आठवत नाही.

मी भ्याड आहे, हे लिहून देतो. पण नुसती नोकरीची भीती असती तर मी तिच्याशी झगडलो असतो. दुसरी भीती मोठी आहे. समजा मी ओरडून सांगितले की मी कृष्णकांत नाही. मग लोक विचारतील, मग तू कोण? आणि ताई, मला खरोखर माहीत नाही. अच्युत कसा होता, काय बोलायचा, कशाला हसायचा, मला काही आठवत नाही. तुला आठवतो का तो?

आईच्या पायांवर डोके ठेवतो, असे लिहायचाही मला अधिकार नाही. तरी ठेवतो.

तुझा भाऊ


नाचणगाव,
४ सप्टेंबर १९७८

चि. भाऊस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र वाचलं. राग गेला असं नाई म्हनत. पन रागाच्या मांगून रडू आलं, अन् आता दोन्ही सोबतच राह्यतेत.

अच्युत आठवते काय म्हनून विचारतं? अरे, मले नाई आठवन त कोनाले? कडेवर घेऊन फिरली तुले, अर्ध्या गावाचे ओटे झिजवले.

परवा इथं पोळा झाला. तोरनाखाली पोट्टे झडत्या म्हनत होते, अन् मी खिडकीतून ऐकत होती. सारं बेचव. मले तू दिसला. तू बारा वर्साचा, अंगात बापूजीची बंडी गुडघ्यापावतर, पाटलाच्या बैलासमोर छाती काढून उभा. अख्खं गाव बसलं होतं अन् तू झडती टाकली:

"पाटलाचा बैल पुरनपोळी खाये,
गडी उपाशी तोंडाकडे पाहे,
पुढच्या पोळ्याले असं करा पाटील —
गड्याले सजवा, बैल त सजलाच आहे!"

मान्सं खदाखदा हासली. बापूजीनं काठी उचलली. अन् पाटील आधी लाल झाला, मंग असा हासला का त्याचा फेटा सुटला. तुले नारळ देल्ला त्यानं. तू तो नारळ पाटलाच्याच गड्याले देऊन आला, वरून घरी येऊन दहा पुरनपोळ्या हानल्या! अन् म्हने पुरनपोळी चालत नाई! अगा माय, सरोजिनीले सांगीन तव्हा मजा येईन.

तू भांडखोर होता. खोटं बोलता येत नव्हतं तुले, लगेच कान लाल होत. कृष्णा शांत, तू घरभर बोंबलत फिरनारा. मोतीझिऱ्यात कृष्णाजवळ कोनाले जाऊ देत नव्हते, तू खिडकीच्या गजातून त्याले झडत्या म्हनून हासवत होता. तो गेला त्या दिवशी सकाळीबी हासला होता. हे तू इसरला? मंग तू माह्याहून अभागी.

अन् तारीख कायची शोधतं? तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, तान्ह्या पोळ्याले. काल मी तुह्या नावानं दिवा लावला. मायनं विचारलं, कायचा दिवा? म्हटलं, आज अच्युतचा वाढदिवस. ती म्हने, तेल आनखी घाल, लवकर विझू नये.

तिची तब्येत बरी नाई. खानं सुटलं. पंचमीले येजो, भाऊ. गाव काय म्हनन ते म्हनन. रूपराव म्हनते, मी हाय पाठीशी.

कोकिळा


हिंगणघाट,
१२ सप्टेंबर १९७८

ती. स्व. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझे पत्र मी शाळेत, रिकाम्या वर्गात बसून चार वेळा वाचले. झडती वाचून हसू आले, आणि लगेच कोणी ऐकले तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिले. यावरून काय ते समज.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, चौकटीतले मानपत्र. कृष्णकांत बापूजी ठोंबरे हे नाव मोठ्या अक्षरांत आहे. टाळ्या वाजल्या तेव्हा मी मान खाली घातली, लोकांना वाटले विनय आहे. सरोजिनीने मानपत्र बैठकीत लावले आहे.

ताई, २१ तारखेला शाळेची तपासणी आहे. साहेब वर्ध्याहून येणार. मला रजा मिळणे अवघड आहे. सत्काराची शाल आमच्या शाळेतल्या नत्थूच्या हाती आईसाठी पाठवतो, तो पुलगावला सासुरवाडीला येतो आहे. तिच्या अंगावर घाल. पुढच्या वर्षी पंचमीला नक्की.

तुझा भाऊ


नाचणगाव,
२३ सप्टेंबर १९७८

भाऊ,

पुढच्या वर्साची पंचमी! तू कॅलेंडर पाहून मान्सं मारतं काय रे?

शाल भेटली. मायच्या अंगावर घातली त तिनं काढून ठेवली. म्हने, "ही कृष्णाची हाय. त्याच्या पेटीत ठेव." मी ठेवली.

आता पंचमीचं सांगतो. तू बसून वाच.

तुहं पत्र मी मायले वाचून दाखवलं. मले वाटलं रडन, शिव्या देईन. तसं काई झालं नाई. पंचमीच्या सकाळी म्हने, मले आंघोळ घाल. मंग खाटेवर बसून मले सयपाक सांगितला. भात, कढी, वडे, खीर. वरून म्हने, पुरन घाल. मी म्हटलं, माय, कृष्णाले पुरन आवडत नव्हतं. म्हने, "तुले सांगितलं तेवढं कर."

पान वाढलं. रूपरावानं पानी सोडाले हात पुढं केला अन् विचारलं, सासूबाई, नाव सांगा. डोमाजी अन् शेजारची देवकाबाई अंगनात येऊन बसले होते.

माय मोठ्यानं म्हने, "अच्युत."

रूपरावाचा हात तसाच राह्यला. मी म्हटलं, माय, चुकली तू. म्हने, "नाई चुकली. अच्युत बापूजी ठोंबरे. माहा धाकटा. सोळा वर्साचा होऊन गेला. लगन नाई झालं त्याचं."

डोमाजी म्हने, आम्हाले माहीतच नव्हतं, आनखी एक पोरगा होता म्हनून! देवकाबाई डोळे पुसाले लागली. अन् माय त्याहीले शांतपने सांगून राह्यली, तू कसा होता, झडत्या कशा म्हनत होता, पुरनपोळ्या किती खात होता. मेलेल्या मान्साबद्दल सांगते तसं.

सारे गेल्यावर मी तिच्यावर वरडली. जिता हाय तो, हे काय अभद्र केलं तू? तिनं माहा हात धरला. म्हने, "कोकिळा, कृष्णाचं पान वाढलं त अच्युतची भाकर जाते. अच्युतचं वाढलं त कोनाचं काईच जात नाई. डोमाजीबी आता कधी काई विचारत नाई. हिंगणघाटवाल्याच्या मनासारखंच झालं ना? अन् लगन अच्युतचं कुठं झालं? पत्रिकेत कृष्णाचं नाव छापलं होतं. मास्तर कृष्णा, सत्कार कृष्णाचा, सून कृष्णाची. हिंगणघाटले गेलती तव्हा मले कृष्णाच दिसला. माहा अच्युत मले वळखल्याशिवाय राह्यला असता काय?"

कावळा तिथंच बसून होता. पान कवेलूवर ठेवलं न ठेवलं, पुरन घेऊन उडाला.

आता तुह्या नोकरीले काई भेव नाई. सुखात राह्य.

कोकिळा


हिंगणघाट,
२८ सप्टेंबर १९७८

ताई,

पत्र मी अंगणात उभ्यानेच वाचले. सरोजिनी तांदूळ निवडत होती. तिने विचारले, काय झाले, कोणी गेले का? माझ्या तोंडून निघाले, "अच्युत गेला." ती म्हणाली, कोण अच्युत?

अठरा वर्षांच्या संसारानंतर बायकोने विचारलेला प्रश्न. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, मी. मग सगळे सांगितले. कृष्णा, कागद, बापूजी, शाळेचे फाटक. फाटकाचे सांगितले तेव्हा तिने सूप खाली ठेवले. ती एवढेच म्हणाली, "मग मी इतकी वर्षं कोणाच्या नावाचं कुंकू लावलं?" आणि आत गेली. दोन दिवस ताट वाढायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मी म्हटले, चला, हेही गेले.

काल सकाळी तिने बैठकीतले मानपत्र काढले आणि भिंतीला उलटे टेकवून ठेवले. म्हणाली, "आईंनी तुम्हाला जिवंतपणी पान वाढलं, आणि तुम्ही इथे तपासणीचे टाचण काढत बसलात. आधी अर्ज लिहा. मी वाचून देते, तुमचे ऱ्हस्वदीर्घ नेहमी चुकतात." गणिताच्या मास्तरचे चुकतातच. पण कृष्णाचे चुकत नसत, आठवतं?

अर्ज लिहिला. काहीही लपवले नाही. आज दुपारी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे रजिस्टर्ड डाकेने टाकला. नोकरी जाईल. पुढे काय होईल माहीत नाही, सरोजिनी शिवणाचे वर्ग काढायचे म्हणते. मला भयंकर भीती वाटते आहे. पण पोस्टातून परत येताना मी रस्त्यावर मोठ्याने तुझी ती झडती म्हटली, आणि एक सायकलवाला वळून हसला. कान लाल झाले नाहीत.

अर्जाची प्रत हेडमास्तरांच्या हाती दिली, त्यांनी चौकशीची तारीख पुढच्या आठवड्यात दिली आहे. ती उरकून दसऱ्याला येतो. सोनं आईच्या हाती देईन आणि नाव सांगेन. आधी इथले पूर्ण केल्याशिवाय तिला कोणत्या तोंडाने भेटू?

ताई, एक कर. पुढचे पत्र माझ्या नावाने टाक. जन्मात मला माझ्या नावाचे एक पत्र आले नाही.

तुझा धाकटा भाऊ,
अच्युत


नाचणगाव,
२६ ऑक्टोबर १९७८

चि. अच्युतास अनेक आशीर्वाद.

हे पाकीट मी पुन्हा "कृष्णकांत"च्या नावानं टाकून राह्यली. तुहं नाव फक्त आत, पत्रात. कारन हे आत ठेवलेलं दुसरं पाकीट पाह्य, म्हंजे समजन. काल चंद्रभान घेऊन आला. लाल पेन्सिलीनं वर लिहिलं हाय, "या नावाचा इसम पत्त्यावर राहत नाही. परत."

सर्वपित्रीले लिहिलं होतं मी ते, माय असतानी. तू म्हटलं होतं माह्या नावानं टाक, तसं टाकलं. "श्री. अच्युत बापूजी ठोंबरे, हिंगणघाट." मी पुढं मास्तर लिहीत होती, त माय म्हने, "मास्तर नको लिहू, मास्तर कृष्णा होता." तिचं ऐकलं. ठोंबऱ्यांची घरं तिथं काय थोडी हायत! मले वाटलं, पत्र पोचलं अन् तू आला नाई. चार दिवस मी तुले मनात शिव्या देत होती, तुले माहीत नाई. सहा तारखेले माय गेली, तव्हा रूपरावानं तार केली. ती कृष्णकांतच्या नावानं केली, त दोन तासात तुले भेटली.

तू आला, तिचं तोंड झाकायच्या आत आला, येवढंच. सरनापाशी महाराजानं विचारलं, अग्नी कोन देते, नाव सांगा, अन् तू सगळ्या गावासमोर वरडून "अच्युत" म्हटलं. डोमाजीच्या हातचा लोटा पडला. मले त्या वक्ती लय अभिमान वाटला अन् लय राग आला. जिनं ऐकाले पाह्यजे होतं ती ऐकत नव्हती.

तुले नोकरीतून घरी बसवलं हे नत्थूनं सांगितलं. घर चालवाले तांदूळ पाठवतो. नाई म्हनू नको.

आतलं पाकीट मी फोडलं नाई, ते तुह्या नावाचं हाय. तूच फोडजो. सरोजिनीले जवळ बसवजो.

ताई


(आतल्या पाकिटातलं पत्र)

नाचणगाव,
२ ऑक्टोबर १९७८

चि. अच्युत,

पाह्य, कसं वाटते! लिहितानी माहा हात एकदाबी नाई अडखळला.

तुहं पत्र मायले तीनदा वाचून दाखवलं. "तुझा धाकटा भाऊ, अच्युत" इथं आलं का ती म्हने, पुन्हा वाच. आज सर्वपित्रीले तिनं कृष्णाचं पान वाढलं. मोठ्यानं नाव घेतलं. डोमाजीले वाटलं म्हातारी बरळून राह्यली. कावळा लय वेळ आला नाई. मंग मायनं हात जोडून म्हटलं, "कृष्णा, तुहा भाऊ तुहं नाव तुले वापस देऊन राह्यला, आता त खाय." अन् आला.

पन तिचं काई खरं नाई, अच्युत. पोटात पानीबी राहत नाई. डॉक्टर म्हनते, चार-पाच दिवस. दसऱ्याची वाट नको पाहू. चौकशी गेली चुलीत. पत्र भेटताच निघजो, जी गाडी भेटन ती.

आता मायचा निरोप. जसा सांगितला तसा.

"अच्युतले लिही, तुहं पान वाढलं म्हनून राग नको धरू. मी कागद जपला, पोरगा नाई जपला, पहिला गुन्हा माहा हाय. शाळेतलं मी कवाच इसरली, तूबी इसर. तू फक्त ये. मले आता दिसत नाई नीट, म्हनून फाटकातूनच आवाज दे. 'माय, मी अच्युत' म्हन. मी आतून ओ देतो."

ती सकाळपासून दाराकडे तोंड करून झोपली हाय. रस्त्यानं कोनीबी गेलं का ओ देते.

तुही ताई,
कोकिळा